एकशे सहा धावांची पुंजी

गोदावरीकाठची कोपरगावची काळी जमीन उसाला आणि गव्हाला जितकी मानवते, तितकी ती क्रिकेटच्या चेंडूला मानवत नाही. पाऊस पडला की ही माती फुगते आणि पायाला चिकटून येते. ऊन तापले की ती आकसते आणि तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा तिचा गुणच आहे. पण अशा भेगेवर टप्पा पडलेला चेंडू कधी घोट्याच्या खालून सरपटत जातो, तर कधी मनगटावर येऊन आदळतो. म्हणून तालुक्याच्या गावांतून शाळेच्या मैदानावर चटई अंथरून, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘मॅटिंग’वर, खेळण्याची रीत पडली. चटईवर चेंडू उंच उसळतो खरा, पण तो फसवत नाही. चटईवर वाढलेला मुलगा मातीच्या खेळपट्टीवर प्रथम उतरतो, तेव्हा आपण निराळाच खेळ खेळत आहोत की काय, असे त्याला वाटू लागते.

‘खेळपट्टीच खराब होती’ हे वाक्य साधारणपणे हरलेल्या संघाच्या तोंडी असते आणि ऐकणारा ते फारसे मनावर घेत नाही. परंतु अवघड खेळपट्टी ही केवळ सबब नसते. ती खेळाचे गणितच बदलून टाकते. चांगल्या खेळपट्टीवर ज्या पाच-दहा धावांना कोणी विचारत नाही, त्याच धावांना येथे सोन्याचा भाव येतो. बाजारात तेजी असताना पैशा-पैशाची कसर कोणी पाहत नाही. मंदीत मात्र तीच कसर पेढी तारते किंवा बुडवते. हे गणित अगदी उघड्या अंकांत पाहायचे असेल, तर १४ सप्टेंबर २०१९ रोजी कोलंबोच्या आर. प्रेमदासा स्टेडियमवर झालेल्या एकोणीस वर्षांखालील मुलांच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्याकडे पाहावे. भारत विरुद्ध बांगलादेश असा हा सामना होता. भारताच्या एकूण धावा १०६, बांगलादेशाच्या १०१.

या सामन्याची पूर्वपीठिका थोडी सांगावी लागेल. ७ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर एक आठवडा आधी, याच भारतीय मुलांनी कोलंबोजवळच्या मोराटुवा येथे पाकिस्तानविरुद्ध ३०५ धावा उभारल्या होत्या. सलामीवीर अर्जुन आझादने १२१ आणि तिलक वर्माने ११० धावा केल्या. पाकिस्तानचा संघ २४५ धावांत आटोपला आणि साठ धावांनी विजय मिळाला. दोन शतकवीर असलेला संघ अंतिम सामन्यातही धावांचा डोंगर रचणार, असे कोणालाही वाटले असते. मधल्या दिवसांत मात्र श्रीलंकेत पाऊस होता. उपांत्य फेरीचे सामने त्यात वाहून गेले आणि आपापल्या गटात अव्वल असल्यामुळे भारत व बांगलादेश हे संघ अंतिम फेरीत दाखल झाले. इकडे महाराष्ट्रात अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते. मिरवणुकांचा शीण अजून उतरायचा होता आणि मोठ्या माणसांपैकी फारच थोड्यांना या सामन्याची खबर होती.

प्रेमदासा स्टेडियमची खेळपट्टी मुळातच मंद म्हणून प्रसिद्ध आहे. चेंडू टप्पा पडल्यावर मातीला जणू धरून राहतो आणि फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा क्षणभर उशिरा येतो. हा ‘क्षणभर’ काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. चांगल्या खेळपट्टीवर फलंदाज चेंडूच्या टप्प्यावरून अंदाज बांधतो आणि बॅट फिरवतो. चेंडू वेळेवर येणार हे त्याने गृहीत धरलेले असते. खेळपट्टीने हे गृहीतकच काढून घेतले की फटका लवकर पूर्ण होतो, चेंडू बॅटच्या वरच्या भागाला लागतो आणि हवेत उडतो. बचावाचा पवित्रा घेतला, तर चेंडू खाली राहून पायावर आदळतो. त्यातून तो वळला, तर यष्ट्या तरी उडतात किंवा यष्टिरक्षकाच्या हाती झेल तरी जातो. धावा कशा काढायच्या हा प्रश्न मागे पडतो आणि उभे कसे राहायचे हाच प्रश्न पुढे येतो.

भारताने प्रथम फलंदाजी केली आणि धावसंख्येने दोन आकडे पाहण्याआधीच तीन गडी तंबूत परतले. आठवड्यापूर्वीचा शतकवीर अर्जुन आझाद शून्यावर बाद झाला, दुसरा शतकवीर तिलक वर्मा दोन धावांवर. मुंबईचा सुवेद पारकर चार धावा करून परतला. १२१ आणि ११० या आकड्यांची जागा शून्य आणि दोनने घेतली. माणसे तीच होती, हात तेच होते. बदलली होती ती फक्त पायाखालची जमीन.

मग कर्णधार ध्रुव जुरेल आणि शाश्वत रावत यांनी डाव थोडा सावरला. जुरेल हा आग्र्याचा. त्याचे वडील सैन्यात होते आणि कारगिलच्या लढाईत त्यांनी भाग घेतला होता. मुलाने बॅट मागितल्यावर घरची ओढाताण कशी झाली आणि आईने गळ्यातली सोनसाखळी विकून क्रिकेटचे साहित्य कसे घेऊन दिले, ही हकीकत पुढे तो प्रसिद्धीस आल्यावर सर्वत्र छापून आली. कोलंबोत त्याने ३३ धावा काढल्या. रावतच्या धावा १९. ही जोडी फुटल्यावर डाव पुन्हा ढासळला. बांगलादेशाचा डावखुरा मध्यमगती गोलंदाज मृत्युंजय चौधरी आणि फिरकी गोलंदाज शमीम हुसेन यांनी प्रत्येकी तीन गडी टिपले. शमीमने तर त्यासाठी अवघ्या आठ धावा मोजल्या.

येथून पुढे सामन्यातला, निदान जमाखर्च पाहणाऱ्याच्या दृष्टीने, सर्वांत मोलाचा भाग येतो आणि नेमका तोच भाग वृत्तांतात चार शब्दांत उरकला गेला. खालच्या क्रमांकावर आलेल्या करण लाल या बंगालच्या अष्टपैलू खेळाडूने ३७ धावा केल्या. भारताच्या डावातली ही सर्वोच्च धावसंख्या. जुरेल, रावत आणि करण लाल या तिघांच्या मिळून ८९ धावा होतात. उरलेले आठ फलंदाज आणि अवांतर यांच्या वाट्याला येतात अवघ्या १७. करण लालची खेळी सुरू असताना संघाची अवस्था अशी होती की, आता किती धावा होतात याला काही अर्थ उरलेला नाही, असे कोणालाही वाटावे. सत्तर काय, नव्वद काय, हरायचे तर दोन्हींत सारखेच. परंतु ज्याने दुकान चालवले आहे त्याला ठाऊक असते की, तोट्याच्या वर्षातही वसुलीचा शेवटचा हप्ता सोडायचा नसतो. त्या ३७ मधल्या पाच-सहा धावा वजा केल्या, तर चषक बांगलादेशाकडे गेला असता. डाव ३२.४ षटकांत १०६ धावांवर संपला.

१०७ धावांचे लक्ष्य आणि हातात पन्नास षटके. म्हणजे षटकाला सव्वादोन धावाही नकोत. कागदावर हे काम सोपे होते. पण १०७ हा आकडा भारतीय क्रिकेटमध्ये यापूर्वीही एकदा असाच आला होता आणि जाणकारांना त्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नसेल. नोव्हेंबर २००४ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या बलाढ्य संघाला कसोटी जिंकण्यासाठी नेमक्या १०७ धावा हव्या होत्या. पहिल्या डावात भारताला १०४ धावांत गुंडाळणाऱ्या त्या संघाने मालिका आधीच खिशात घातली होती. परंतु वानखेडेच्या त्या फुटलेल्या खेळपट्टीवर चेंडू इतका वळत होता की, मायकेल क्लार्कसारख्या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाने भारताच्या दुसऱ्या डावात नऊ धावांत सहा बळी घेतले होते. मग हरभजन सिंग आणि मुरली कार्तिक यांनी ऑस्ट्रेलियाला ९३ धावांत बाद केले. भारत तेरा धावांनी जिंकला आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. त्या डावातला पहिला बळी होता सलामीवीर लँगरचा, आणि तो घेतला होता आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने. लहान लक्ष्याचे भय निराळे असते. मोठ्या लक्ष्यामागे धावणारा संघ मोकळेपणाने खेळतो, कारण हरण्यात नामुष्की नसते. लहान लक्ष्य गाठता आले नाही तर तोंड दाखवायला जागा राहत नाही, हा विचार फलंदाजाच्या पायांत बेडीसारखा अडकतो.

कोलंबोत ही बेडी पहिल्या काही षटकांतच पडली. राजस्थानचा डावखुरा वेगवान गोलंदाज आकाश सिंग याने सुरुवातीलाच बांगलादेशाची वरची फळी कापून काढली. बारा धावांत तीन बळी अशी त्याची कामगिरी होती. सोळा धावांवर चार गडी बाद, अशी बांगलादेशाची अवस्था झाली. तेव्हा कर्णधार जुरेलने चेंडू डावखुऱ्या फिरकीच्या हाती सोपवला. तो हात अथर्व अंकोलेकरचा होता.

अथर्व मुंबईचा. वय अठरा, एकोणिसावे पूर्ण व्हायला बारा दिवस बाकी. त्याचे वडील ‘बेस्ट’च्या बसवर वाहक होते. २०१० मध्ये ते वारले, तेव्हा अथर्व जेमतेम दहाच्या घरात होता. पुढे त्याची आई ‘बेस्ट’मध्येच वाहक म्हणून रुजू झाली आणि त्या नोकरीवर त्यांनी संसार आणि मुलाचे क्रिकेट असा दोन्हींचा भार उचलला. मुंबईच्या बसवरच्या वाहकाचे काम ज्याने पाहिले आहे, त्याला त्याची शिस्त ठाऊक असेल. गर्दीत उभे राहून सुटे पैसे मोजायचे, प्रत्येक उतारूला तिकीट द्यायचे आणि पाळी संपली की तिकिटे व रोकड यांचा मेळ आगारात घालून द्यायचा. मेळ बसला नाही, तर कमी पडलेली रक्कम स्वतःच्या खिशातून जाते. अशा घरात वाढलेल्या मुलाला लहान रकमेची किंमत शिकवावी लागत नाही.

फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर तरुण गोलंदाज बहुधा एक चूक करतात. चेंडू वळतो आहे हे दिसताच त्यांना प्रत्येक चेंडू आणखी वळवावासा वाटतो आणि त्या हौसेत टप्पा हरवतो. मग आखूड चेंडू पडतात, फलंदाजाला श्वास घ्यायला सवड मिळते. अनुभवी गोलंदाज अशा वेळी उलट वागतो. तो स्वतः कमी करतो आणि बाकीचे काम खेळपट्टीवर सोडून देतो. एकाच जागी टप्पा टाकत राहायचे. कोणता चेंडू वळेल आणि कोणता सरळ जाईल हे मातीला ठरवू द्यायचे. गोलंदाजालाच जे ठाऊक नाही, ते फलंदाजाला कसे कळणार? अथर्वने त्या दिवशी हेच केले. अठ्ठावीस धावांत पाच बळी हा त्याचा हिशेब आहे.

परंतु सामना सरळ हातात आला नाही. बांगलादेशाचा कर्णधार अकबर अली हा शांत डोक्याचा यष्टिरक्षक-फलंदाज. त्याने २३ धावा करून डाव धरून ठेवला. गोलंदाजीत तीन बळी घेणाऱ्या मृत्युंजयने २१ धावा जोडल्या. हे दोघे गेले आणि ७८ धावांवर आठवा गडी बाद झाला. आता उरल्या एकोणतीस धावा आणि फलंदाज तीन, तेही मूळचे गोलंदाज. भारतीय मुलांनी मनातल्या मनात चषक उचललाही असेल. पण तंझीम हसन साकिब आणि रकीबुल हसन या दोघांनी घाई केली नाही. षटके भरपूर शिल्लक होती, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. एकेक, दोन-दोन करीत त्यांनी तेवीस धावा जोडल्या. धावफलकावर १०१ लागले. विजयासाठी सहा धावा हव्या होत्या, दोन गडी हातात होते आणि सतरापेक्षा अधिक षटके बाकी होती.

तेहेतिसावे षटक अथर्वच्या हाती होते. त्याच्या चेंडूवर तंझीम पायचीत झाला. या निर्णयाबद्दल बांगलादेशाकडून पुढे नाराजीही व्यक्त झाली. अटीतटीच्या सामन्याचे असे पडसाद उमटतातच. त्याच षटकात शेवटचा फलंदाज शाहीन आलमही बाद झाला. डाव १०१ वर संपला. रकीबुल हसन दुसऱ्या टोकाला अकरा धावांवर नाबाद उभा राहिला. भारत पाच धावांनी जिंकला. हे भारताचे या स्पर्धेतले सातवे अजिंक्यपद. त्यांतले २०१२ चे पाकिस्तानबरोबर वाटून घेतलेले.

या सामन्याचा ताळेबंद मांडला, तर तो असा दिसतो. शंभर षटकांचा सामना साडेपासष्ट षटकांच्या आसपास संपला. दोन्ही संघांच्या मिळून २०७ धावा झाल्या आणि वीसच्या वीस गडी बाद झाले, म्हणजे एका गड्यामागे सरासरी दहा-साडेदहा धावा. अर्धशतक कोणाचेच नाही. सामनावीर अथर्व ठरला आणि ते योग्यच होते. तरीही करण लालच्या ३७ धावांशिवाय अथर्वला राखायला काहीच उरले नसते, हेही तितकेच खरे. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याचे नाव होते. मागे गोदामात माल मोजणाऱ्याला कोण विचारतो?

हा हिशेब येथेच मिटला असता, तर गोष्ट गोड झाली असती. पण जवळपास तीच मुले पाच महिन्यांनी पुन्हा समोरासमोर आली. ९ फेब्रुवारी २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेतील पोचेफस्ट्रूम येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताचा कर्णधार आता प्रियम गर्ग होता. जुरेल, तिलक वर्मा, आकाश सिंग, सुशांत मिश्रा, अथर्व हे कोलंबोतले पाच जण संघात होते. अथर्वने उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद ५५ धावा करून संघाला सावरले होते. अंतिम सामन्यात यशस्वी जयस्वालने ८८ धावा केल्या. पण ३ बाद १५६ वरून संघ १७७ वर कोसळला. एकवीस धावांत सात गडी. या वेळी शेवटचा हप्ता वसूल करणारा करण लाल संघात नव्हता.

त्यानंतर रवी बिश्नोईने तीस धावांत चार बळी घेऊन सामना परत खेचला. तरी शेवटी बांगलादेशाने तीन गडी राखून विश्वचषक जिंकला. पावसामुळे त्यांचे लक्ष्य १७० धावांचे करण्यात आले होते. या १७० पैकी ३३ धावा अवांतर होत्या आणि त्यांत १९ वाइड. बांगलादेशाच्या फलंदाजांपैकी फक्त दोघांनी या ३३ पेक्षा अधिक धावा केल्या. कोलंबोत पाच धावांनी वाचलेल्या संघाने येथे तेहेतीस धावा फुकट वाटल्या. नाबाद ४३ धावा करून सामना जिंकून देणारा होता तोच अकबर अली. आणि विजयी धाव निघाली रकीबुल हसनच्या बॅटमधून, कोलंबोत अकरा धावांवर नाबाद राहिलेल्या रकीबुलच्या. समोर गोलंदाज होता अथर्व अंकोलेकर.

सामना संपल्यावर दोन्ही संघांतल्या मुलांत धक्काबुक्की झाली आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पाच खेळाडूंवर कारवाई केली. त्यांत भारताचे दोघे होते. कोवळ्या वयात यश पचवणे जितके अवघड, तितकेच अपयश पचवणेही. घरातली वडील मंडळी मुलाला शिकवणीला, वर्गाला, मैदानावर पाठवतात. परंतु हरल्यावर कसे वागावे, हे शिकवायला कोणता वर्ग आहे?

कोलंबोतल्या त्या अकरा जणांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. व्यापारी घरांत मुलाला क्रिकेटमध्ये पुढे जाऊ द्यावे की दुकानात बसवावे, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर एकट्या शतकवीरांच्या यादीत सापडत नाही. त्या अकरांतून दोघे भारताच्या वरिष्ठ संघात पोहोचले, ध्रुव जुरेल आणि तिलक वर्मा. बाकीच्यांची वाट रणजी, मुश्ताक अली अशा देशांतर्गत स्पर्धांतून जाते. तेथे नाव कमी आणि श्रम अधिक. चार धावांवर बाद झालेल्या सुवेद पारकरला मुंबईच्या रणजी संघात पहिली संधी मिळाली ती जून २०२२ मध्ये, उत्तराखंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे तेव्हा दुखापतीमुळे संघाबाहेर होता. पदार्पणातच सुवेदने २५२ धावा केल्या. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांनी स्वतःच्या पदार्पणात २६० केल्या होत्या. शिष्य आठ धावांनी मागे राहिला. तो सामना मुंबईने ७२५ धावांनी जिंकला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एवढ्या धावांनी कोणीच कधी जिंकले नव्हते. पाच धावांनी जिंकलेल्या संघातला मुलगा ७२५ धावांनी जिंकलेल्या संघातही होता.

जुरेलचा कस लागला तो पुन्हा एका अवघड खेळपट्टीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये रांचीला इंग्लंडविरुद्ध कसोटी होती. तेथील भेगाळलेली खेळपट्टी पाहून इंग्लंडचा कर्णधार बेन स्टोक्स याने, असे काही आपण पूर्वी पाहिलेले नाही, असे सामन्याआधीच म्हटले होते. भारताचे सात गडी १७७ धावांत बाद झाले असताना जुरेलने शेपटाला हाताशी धरून ९० धावा काढल्या आणि धावसंख्या ३०७ वर नेली. दुसऱ्या डावात १९२ धावांचा पाठलाग करताना १२० धावांत निम्मा संघ परतला, तेव्हा शुभमन गिलच्या जोडीने तो नाबाद ३९ धावा करून उभा राहिला. भारत जिंकला आणि सामनावीर जुरेल ठरला. कोलंबोतल्या ३३ धावा ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना रांचीतले त्याचे बॅट धरणे ओळखीचे वाटले असेल. चेंडू उशिरा खेळायचा, हात मऊ ठेवायचे आणि जी धाव मिळेल ती घ्यायची.

तिलक वर्माचा हिशेब याहून वाकड्या वळणाचा आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कोलंबोतल्या त्या सामन्याला चार वर्षे होऊन एक दिवस झाला असताना, त्याच प्रेमदासा स्टेडियमवर त्याने भारताच्या एकदिवसीय संघातून पदार्पण केले. समोर पुन्हा बांगलादेश, स्पर्धा पुन्हा आशिया चषकाची, फक्त आता मोठ्या माणसांची. बांगलादेशाकडूनही एक तरुण वेगवान गोलंदाज त्याच दिवशी पहिला एकदिवसीय सामना खेळत होता, तंझीम हसन साकिब. सहा धावा हव्या असताना अथर्वने पायचीत केलेला तोच तंझीम. त्याने आधी कर्णधार रोहित शर्माला शून्यावर परत पाठवले आणि मग तिलकचा पाच धावांवर त्रिफळा उडवला. गिलच्या १२१ धावा असूनही सामना शेवटच्या षटकापर्यंत आला. भारताला बारा धावा हव्या होत्या आणि चेंडू तंझीमच्याच हाती होता. भारताचा डाव २५९ वर संपला; बांगलादेश सहा धावांनी जिंकला. पाच धावांचे देणे सहा धावांनी फिटले, म्हणजे व्याजासह.

तिलकने त्यापुढे जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. २८ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध वीस धावांत भारताचे तीन गडी बाद झाले होते. लक्ष्य १४७ धावांचे होते. त्याने नाबाद ६९ धावा करून सामना जिंकून दिला. तीन गडी झटपट गेल्यावर काय होते, याचा पहिला धडा त्याने एकोणीस वर्षांखालच्या संघात असताना, स्वतः दोन धावांवर बाद होऊन, तंबूतून पाहिला होता.

आणि अथर्व? भारताच्या वरिष्ठ संघाचे दार त्याच्यासाठी उघडलेले नाही. परंतु १५ डिसेंबर २०२४ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मुश्ताक अली चषकाच्या अंतिम सामन्यात मुंबई मध्य प्रदेशाच्या १७४ धावांचा पाठलाग करीत होती. स्पर्धेत ४६९ धावा करून सर्वोत्तम खेळाडू ठरलेला अजिंक्य रहाणे ३७ धावा करून परतला होता, सूर्यकुमार यादवही ४८ धावांवर बाद झाला होता. खेळपट्टीवर सूर्यांश शेडगे होता आणि दुसऱ्या टोकाला अथर्व. सूर्यांशने पंधरा चेंडूंत नाबाद ३६ धावा केल्या. अथर्वने सहा चेंडूंत नाबाद सोळा. तेरा चेंडू शिल्लक असताना मुंबईने चषक जिंकला.